माशीच्या छातीवरचे सोनेरी केस

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, हस्तलिखितांच्या खोलीत, खिडक्यांवर माश्या साचू लागल्या. संचालकांनी विचार करण्याचे कष्ट घेतले नाहीत. माशी म्हणजे घाण आणि घाण म्हणजे सफाईवाली, एवढे तर्कशास्त्र त्यांना पुरले. कीटक विभागातील माझ्या तरुण सहकाऱ्याने ‘घरमाशी, कुजलेल्या कचऱ्यात वाढते’ असा अहवाल तत्परतेने दिला आणि चौदा वर्षे तो मजला पुसणाऱ्या मावशींना शुक्रवारी कामावरून काढायचे ठरले.

मी नमुना मागवला. माशी चिकटपट्टीने पकडलेली, टाचणी छातीच्या बरोबर मधोमध खुपसलेली. टाचणी मध्यरेषेच्या उजवीकडे टोचायची, म्हणजे निदान डावी बाजू शाबूत राहते; हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. घरमाशीच्या छातीवर चार काळे पट्टे असतात. येथे छातीच खरवडून निघाली होती.

“पट्टे पुसले गेले असतील, सर.”

“शिक्षणही,” मी म्हणालो.

ताजी माशी हवी होती. मावशींना विचारले.

“एकही नाही. नोकरी जातेय म्हटल्यावर खिडक्यांच्या खाचासुद्धा काडीने कोरल्या.”

“म्हणजे पुरावाच झाडून टाकलात.”

“मग काय माश्या पाळायच्या होत्या? साहेबांच्या खोलीत बघा. ते परगावी असले की तिथे झाडू मारायची मनाई आहे.”

संचालकांच्या खिडकीच्या चौकटीत सात माश्या सुस्तावून बसल्या होत्या. भिंगाखाली एकाही छातीवर पट्टा नव्हता. होते ते कुरळे सोनेरी केस. मिटलेले पंख एकावर एक. या माशीची अळी कचऱ्यात नव्हे, गांडुळाच्या अंगात वाढते; थंडी पडू लागली की माशी उबेसाठी वरचे मजले गाठते. गांडुळे होती ती संचालकांनी हौसेने लावून घेतलेल्या हिरवळीत. मी तसे लिहून दिले.

शुक्रवारी नवा आदेश निघाला: मावशींना ‘मानवतेच्या दृष्टिकोनातून’ सेवेत ठेवण्यात येत आहे. मावशींनी तो वाचला आणि पेन खाली ठेवले.

“यात माशी कुठेय, सर?”

“नाही.”

“मग घाण माझीच राहिली की. मी नाही सही करत.”

मसुदा तीनदा बदलला. चौथ्यात हिरवळीचा उल्लेख टाळला होता, मानवता गळाली होती. मात्र माशी कचऱ्यातली नव्हे, हे स्पष्ट लिहिले होते. मावशींनी ते वाक्य बोट फिरवत वाचले, सही केली आणि एक प्रत मागून घेतली.