अर्धासुराचा मास्तर

"वसीमभाई, तोंड सरळ ठेवा की! काळा रंग पांढऱ्यात उतराय लागलाय," संयोगिता खेकसली. वाढदिवसांचे कार्यक्रम घेणं हा तिचा धंदा. वसीमचा डावा गाल काळा झाला होता, उजवा पांढरा. पण पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये नजर गेल्यापासून त्याची मान सारखी तिकडेच वळत होती. पहिल्याच रांगेत, गुलाबी फ्रॉकमध्ये, त्याची फरहीन बसली होती.

वर्गातल्या पारसचा वाढदिवस आहे म्हणून ती आठवडाभर नाचत होती. हाच तो पारस, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझी पोरगी हाय तिथं," तो म्हणाला.

"मग भारीच की! खूश हुईल."

खूश कसली होते! तो कामाला होता ती शिरोलीतली फाउंड्री बंद पडून वर्ष होत आलं, तरी वसीम रोज डबा घेऊन बाहेर पडायचा. पोरीला कळायला नको, म्हणून त्याने आणि बायकोने, सलमाने, काढलेली ही युक्ती. माझे अब्बा मोठी मशीन चालवतात, असं फरहीन वर्गात ऐटीत सांगायची. आणि अब्बा अर्धासुर होऊन फुग्यांचा मार खात हिंडत होते.

अर्धासुर हा कॉमिकमधला खलनायक. डावीकडून राक्षस, उजवीकडून प्रेमळ मास्तर. कोण कधी बाहेर येईल, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. राक्षसाची वसीमला काळजी नव्हती, तो घोगरं बोलायचा. भीती होती ती मास्तराची. फरहीनला झोपवताना तो ज्या आवाजात गोष्ट सांगायचा, तोच त्याने मास्तराला देऊन टाकला होता.

पारसच्या घरचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून सगळी घाई चाललेली. वसीम डावी बाजू पुढे करूनच स्टेजवर गेला. गुरगुरला, पाय आपटले. फरहीन टाळ्या पिटत होती. निभावलं बहुतेक, असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात पारसची आई म्हणाली, "अहो, नुसता राक्षसच काय? मास्तर पण दाखवा की!"

मग काय, सगळा हॉल ओरडायला लागला. मास्तर! मास्तर! वसीम वळला. वेगळा आवाज काढून बघितला, तो चिरका निघाला आणि पोरं खिदळली. शेवटी नाइलाजाने त्याने नेहमीचाच काढला.

"बाळांनो, माझ्यातल्या राक्षसाला मारा. मला वाचवा."

फरहीनच्या टाळ्या थांबल्या.

पोरं फुगे घेऊन तुटून पडली. आता ही रडणार, सगळ्यांदेखत 'अब्बा' म्हणून हाक मारणार, या धास्तीने वसीमने अंग चोरलं. पण फरहीनने लांबडा फुगा दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांपेक्षा जोरात मारायला सुरुवात केली. पाठीवर, डोक्यावर, फुगा फुटेपर्यंत. "मर की! मर!" ती किंचाळत होती. वसीम आडवा झाला. म्हणजे ओळखलं नव्हतं तर. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तरी त्याला फार वाईट वाटलं.

"जेवायला चला!" कुणीतरी आरोळी दिली. पोरं पळाली. फरहीन मात्र घुटमळली. फुटक्या फुग्याचे तुकडे वेचल्यासारखं करत ती त्याच्या कानाशी वाकली.

"अब्बा, उठू नका अजून. पोरं बघत्यात."

वसीम डोळे मिटून तसाच पडून राहिला. पंगतीतून कुणीतरी फरहीनला हाक मारली, तशी ती धावत गेली.