भुऱ्याच्या बिस्किटांची भट्टी

बन्सीलालच्या बेकरीतून मयुरी परत आली तेव्हा तिच्या हातातले दोन्ही ट्रे कच्चेच होते. वर फडकं झाकलेलं आणि खाली केशरी पिठाच्या चकत्या, सकाळी नेल्या तशाच.

"काय झालं?" सासूने, लताबाईंनी विचारलं.

"भट्टी बंद होती, आई."

लताबाईंनी फडकं उचलून पाहिलं. दिवाळी आठवड्यावर आलेली. या दिवसांत अर्धं फैजपूर रवा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून घ्यायला बन्सीलालकडे रांगेत उभं असतं. भट्टी बंद असणं शक्यच नव्हतं.

चकत्या भुऱ्यासाठी होत्या. अकरा वर्षांपूर्वी हितेंद्रने, म्हणजे लताबाईंच्या मुलाने, केळीच्या बागेतून उचलून आणलेलं ते कुत्रं आता म्हातारं झालं होतं. उन्हाळ्यापासून त्याचं पोट बिघडलेलं. जळगावच्या डॉक्टरांनी दुकानातली बिस्किटं आणि घरातलं तिखट उष्टं, दोन्ही बंद करायला सांगितलं. तेव्हापासून मयुरी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, उकडून घोटायची आणि बट्टीसाठी दळलेल्या गव्हाच्या जाड्या पिठात मळायची. मीठ नाही, साखर नाही, हळदसुद्धा नाही. तव्यावर त्या चकत्या आत कच्च्या राहायच्या, म्हणून तिला भट्टी हवी होती.

दुपारी शेजारच्या भिकुबाई आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी खरं काय ते सांगितलं.

"भट्टी चालूच होती. बन्सीलाल म्हणे, कुत्र्याचं खाणं माझ्या भट्टीत नही भाजनार, गिऱ्हाइकं तुटतील. तेवढंच असतं तर ठीक. पण रांगेतून कोनी तरी म्हटलं, पोर नही म्हणून कुत्र्याले नानकटाई. सगळे हसले."

"मयुरी काय म्हटली?"

"काही नही. फडकं झाकलं अन् निघाली."

"तू हसली का?"

भिकुबाईंनी पदर सारखा केला आणि दूध गॅसवर ठेवलंय असं काहीतरी पुटपुटत उठल्या.

मयुरीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. भुसावळ झालं, जळगाव झालं, दवाखान्यांच्या फायली कपाटात जाड झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी मयुरी-हितेंद्रने ते सगळं थांबवलं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. घरात.

चारच्या सुमाराला त्यांनी मागच्या कोठीतून गोवऱ्या काढल्या. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा शोधला, एका बाजूने कापून उघडा केला. मग हे सगळं मागच्या अंगणात न मांडता लताबाई दारापुढे, ऐन गल्लीत घेऊन आल्या. चार विटा लावल्या, त्यांवर डबा आडवा ठेवला आणि खाली-वर गोवऱ्या रचून पेटवल्या. धूर समोरच्या घरांत शिरला तशी माणसं बाहेर आली.

हितेंद्र बागेतून परतला. मोटरसायकल थांबवून तो बघतच राहिला.

"आई, इथं काहून? मागं कर ना."

"मागं काहून? चोरी केली का आपण?" लताबाईंनी आत हाक मारली, "मयुरी, ते ट्रे आण."

मयुरी दारात आली. गल्ली भरलेली पाहून तिचा पाय अडला.

"आई, राहू द्या. मी तव्यावर करते."

"तव्यावर नही होत, तूच म्हटलं होतं. आण."

पहिला घाणा खालून काळा ठिक्कर झाला. कोणीतरी हसलं. लताबाईंनी जळक्या चकत्या फेकल्या, डब्यात बोटभर वाळू पसरली, वर थाळी ठेवली आणि दुसऱ्या चकत्या मांडल्या. या वेळी निखारे जरा मागे ओढले. हितेंद्र खाली बसला आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

दिवेलागणीला बन्सीलाल त्याच रस्त्याने घरी निघाला होता. गर्दी पाहून त्याने स्कूटर थांबवली.

"अक्का, राग आला का? अहो, लोकं किटकिट करतात. माझा धंदा आहे."

"तुझी भट्टी, तुझी मर्जी. त्याचा राग नही," लताबाई उठून उभ्या राहिल्या. "पण तुझ्या दुकानात माझ्या सुनेवर लोकं हसली, अन् तू बी हसला."

"ते मी नही म्हटलं, अक्का. कोनी म्हटलं, मले ठाऊक बी नही."

"मले ठाऊक आहे. मी म्हटलं."

हितेंद्रने पुठ्ठा खाली ठेवला.

"उन्हाळ्यात, भिकुबाईच्या घरी पापड लाटता लाटता. पोर नही म्हणून कुत्र्याचे लाड. माझ्याच तोंडचं आहे ते, तेच फिरून तुझ्या रांगेत आलं. चुकलं माझं. आता माझंच बोलणं मी मोडते, अन् सगळ्यांनी ऐका. माझ्या सुनेने कोनाचे लाड करायचे ते तीच ठरवील. ज्याले हसायचं त्याने माझ्या दारात येऊन हसावं."

कोणी हसलं नाही. त्यांनी चिमट्याने एक चकती बाहेर काढली, फुंकर मारून अर्धी मोडली आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकली.

"आळणी आहे. पण खुसखुशीत झाली."

उरलेली अर्धी त्यांनी भुऱ्यापुढे धरली. त्याने आधी हुंगली, मग त्यांच्या हातातून घेऊन दोन दाढांत फोडली.

बन्सीलालने दोन दिवसांनी निरोप धाडला, नानकटाईचं सामान पाठवा, आधी तुमचा घाणा काढतो. लताबाईंनी पाठवलं नाही. त्यांनी त्याच डब्यात नानकटाई केली. ती वरून तडकली, कडा करपल्या. पाहुण्यांना तीच दिली आणि कारण विचारणाऱ्याला कारणही सांगितलं. भिकुबाई दिवाळीभर फिरकल्या नाहीत. गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी नाकं मुरडली, ती मुरडलेलीच राहिली.

पाडव्याच्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात होत्या. मयुरीने पाठमोरं राहूनच विचारलं, "आई, तुम्ही खरंच म्हटलं होतं तसं?"

"हो."

"मले माहीत होतं. भिकुबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

लताबाई पाटावर टेकल्या. सहा महिने ही पोर हे मनात ठेवून त्यांना वेळेवर चहा देत होती, गुडघ्याला तेल लावत होती. त्यांचे डोळे भरून आले. मयुरीने वळून पाहिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. कोपऱ्यातलं अख्खं गंगाफळ तिने उचललं, सासूपुढे ठेवलं आणि शेजारी विळी मांडली.

"चिरून द्या. साल लई जाड आहे, माझ्याच्याने नही होत."