दोन बोटांचं काम

हॉलिस टेट्रोची हिरवी स्टेशन वॅगन एप्रिलच्या चिखलातून ओढत माझ्या गॅरेजात आणली, तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्याच गाडीखाली जाऊन पडलो. खोटं कशाला बोलू, मला ती बघवत नव्हती. डिसेंबरात पर्किन्सच्या चढावर ती मागे घसरत ओढ्यात गेली आणि उजव्या बाजूने दगडावर आपटली. हॉलिस चालवत होता, शेजारी उजवीकडे त्याची बायको वर्ना, म्हणजे आमच्या मिसेस टेट्रो, बसल्या होत्या. नऊ दिवस दवाखान्यात काढले त्यांनी, मग गेल्या.

हॉलिस माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा, पण आम्ही मासे धरले बरोबर, शिव्या दिल्या बरोबर, म्हणून अरे-तुरे. त्याच्या बायकोने मात्र मला तिसरीत शिकवलेलं. बासष्टाव्या वर्षीही मी मिसेस टेट्रोच म्हणायचो. माझी बिलं त्या लाल पेनाने तपासून परत पाठवायच्या. "लुसियन, एका ओळीत पाच चुका करायलासुद्धा मेहनत लागते हं," म्हणायच्या.

"लपलास होय?" हॉलिस म्हणाला. "ये बाहेर. बूट दिसतायत तुझे."

मी सरपटत बाहेर आलो. माणूस पार वाळला होता. कोट खांद्यावरून ओघळत होता.

"दार बदल, चालू कर," तो म्हणाला. "जूनपासून मेडा कामाला लागतेय. घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघणार, याच डोंगरात. गाडी नातीला द्यायची असं वर्नाने कबूल केलं होतं."

"आणि तू?"

"मी नाही बसायचो चाकामागे. लेकीने चाव्या काढून घेतल्यात, बरंच केलं. माझा पाय चुकला, लुसियन. चाळीस वर्षं तो चढ चढलोय, आणि त्या दिवशी कुठेतरी पाय चुकला."

सगळं गाव हेच म्हणत होतं. म्हाताऱ्याने घाबरून ब्रेक दाबला असेल. मीही अंत्यविधीच्या दिवशी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "वय झालं की होतं असं, नको मनाला लावून घेऊस." समजूत घालत होतो म्हणे!

भंगारातून दार आणलं, रंगाने निळं निघालं, पण बसलं. तिसऱ्या दिवशी बॅटरी जोडायला बॉनेट उघडलं आणि हात तिथेच थांबला.

या जुन्या गाड्यांची चारही चाकं ओढतात, म्हणून तर आमच्याकडे त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पण त्यांचा एक हट्ट असतो. चारही टायर सारखे झिजलेले हवेत. एक नवा, तीन जुने असं केलं की पुढची आणि मागची चाकं आपसात भांडतात, वळणावर गाडी आचके देते आणि गिअरबॉक्स हळूहळू मरतो. त्यावर तात्पुरता उपाय असतो. बॉनेटखाली एक रिकामा खण असतो, त्यात छोटा फ्यूज खोचायचा. मागची चाकं ओढायची थांबतात, फक्त पुढची ओढतात. भांडण मिटलं. टायर सारखे झाले की फ्यूज काढून टाकायचा.

त्या खणात फ्यूज होता. मीच खोचलेला.

ऑक्टोबरात हॉलिसचा एक टायर फाटला. त्याने एकच नवा घेतला. बाकी तीन चांगले असताना फेकायचे कशाला? या डोंगरातला कुठलाही माणूस हेच करतो, सुतळीचा तुकडासुद्धा टाकवत नाही आम्हाला. गाडी आचके देऊ लागली, तो माझ्याकडे आला, मी फ्यूज खोचला. फ्यूज असला की समोर एक दिवा पेटून राहतो. हॉलिसला दिव्यांची भारी धास्ती, जरा काही लुकलुकलं की लगेच मला फोन. इंजिनाच्या दिव्यावर त्याने आधीच काळी चिकटपट्टी लावली होती. तसं इथे सगळेच लावतात. मी तिच्याशेजारी दुसरी पट्टी चिकटवली. म्हटलं, घे, आता डोकं खाऊ नकोस.

वर दमही दिला. मागे एकदा या गृहस्थाने इंजिनाचं तेल बदलायचं म्हणून गिअरबॉक्सचं तेल काढून टाकलेलं, आणि इंजिनात दुप्पट ओतलेलं. "बर्फाआधी आण, फ्यूज मी काढीन," मी म्हणालो. "पण माझ्या बॉनेटखाली तू हात घातलास तर बोटं छाटीन."

"माझं बॉनेट आहे ते," तो म्हणाला होता.

"मिसेस टेट्रो, याच्यावर लक्ष ठेवा हो," मी ओरडून सांगितलं, आणि त्या गाडीत बसूनच हसल्या होत्या.

फ्यूज काढला आणि खिशात टाकला. कुणाला कळणार होतं? पोलिसांनी बॉनेट उघडलं नव्हतं, विम्यावाल्यानेही नाही. दुपारभर मी तसाच काम करत राहिलो. स्वतःला सांगत होतो, हॉलिस तरी कशाला विसरला? बर्फ पडला, टायर बदलले, तेव्हा यायचं नाही का माझ्याकडे?

मग इंजिनाचा पट्टा शेवटचा कधी बदलला ते बघायला पुढच्या कप्प्यातली वही काढली. मिसेस टेट्रोंची वही. गाडीचं जे जे काही केलं ते तारखेसकट, शाळेच्या अक्षरात. पट्ट्याची तारीख मिळाली. शेवटचं पान मी उघडायला नको होतं.

"९ ऑक्टोबर. लुसियनने फ्यूज घातला. बर्फाआधी काढायचा. फक्त लुसियन काढणार.

१७ नोव्हेंबर. गेलो होतो. गॅरेज बंद, दारावर चिठ्ठी. हरणाच्या शिकारीला गेलाय.

२४ नोव्हेंबर. अजून बंद. बर्फाचे चारही टायर हॉलिसने घरीच चढवले. फ्यूज काढतो म्हणत होता, मी काढू दिला नाही. लुसियन रागावेल.

३ डिसेंबर. फोन केला. म्हणाला गर्दी आहे, सोमवारी आणा."

खाली शेवटची ओळ होती: "फ्यूज काढला, तारीख". पुढची जागा कोरी.

तो फोन मला आठवला. शिकारीहून आलो तर दाराशी अठरा गाड्या, सगळ्यांना बर्फाचे टायर आजच्या आज हवे. त्या "फ्यूज" म्हणाल्या का नुसतं "गाडी" म्हणाल्या, देव जाणे. मी ऐकलंच नाही. "सोमवारी हो, मिसेस टेट्रो, सोमवारपर्यंत काय आभाळ कोसळतंय?" असं म्हणून फोन आपटला. बर्फ शनिवारी पडला. आणि हरीण म्हणाल तर त्या वर्षी मला एकही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिस गाडी बघायला आला. निळ्या दारावरून हात फिरवत म्हणाला, "वर्ना हसली असती."

"बस खाली," मी म्हणालो.

"का? एवढं बिल झालं?"

मी फ्यूज त्याच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. टायर, चिकटपट्टी, शिकार, फोन. वही वाचून दाखवली. तो फ्यूजकडेच बघत होता.

"मला वाटलं हा त्या आचक्यांपुरता असतो," तो शेवटी म्हणाला. "चारही टायर सारखे झाले, म्हणजे आता तो राहिला काय नि निघाला काय. मला वाटलं भागलं."

"तुझं चुकलं नाही. मी नीट सांगितलंच नव्हतं. त्या चढावर तुझी दोनच चाकं ओढत होती, हॉलिस. कुणाचाही पाय असता तरी गाडी घसरलीच असती."

"चावी दे."

"लेकीने तुला..."

"चावी दे म्हणतोय ना!"

मी शेजारी बसलो, उजवीकडे. कुठे बसलोय ते बसल्यावर ध्यानात आलं, पण उठायची हिंमत झाली नाही. पर्किन्सचा चढ गुडघाभर चिखलाने भरला होता. ओढ्याजवळच्या वळणावर पुढची चाकं क्षणभर फिरली, मग मागच्यांनी जोर धरला आणि गाडी सुखाने वर गेली. एकदासुद्धा घसरली नाही. मला वाटत होतं, एकदा तरी घसर गं बाई. निदान थोडी घसर.

माथ्यावर त्याने गाडी बंद केली. पाय पेडलवरून उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"पाय ठीक आहे माझा," तो म्हणाला.

"हो."

"चार महिने मी रोज या पायाला शिव्या घालतोय. मेपलची झाडं तशीच उभी ठेवली, यंदा त्यांचा रस काढून पाकसुद्धा केला नाही. आणि तू सांगत होतास, वय झालं की होतं."

त्याने खिशातून फ्यूज काढून माझ्यासमोर धरला.

"हा फ्यूज काढायला किती वेळ लागतो?"

"दोन बोटांचं काम आहे. बॉनेट उघडायलाच जास्त वेळ लागतो."

"म्हणजे मी काढू शकलो असतो."

"मेडा पाच वर्षांची होती तेव्हा तिनेही काढला असता."

हॉलिस रडला. तोंड फिरवलं नाही, पुसलं नाही, नुसता समोर बघत रडला. मीही रडलो, पण माझ्या रडण्याला तिथे काही अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याने कप्पा उघडला, वही काढली, आणि तिच्यात अडकवलेलं लाल पेन माझ्यापुढे धरलं.

"तिने कधी कुणाची वही अपुरी ठेवू दिली नाही," तो म्हणाला. "तारीख टाक."

मी कोऱ्या जागेत लिहिलं, २१ एप्रिल. हाताचं ग्रीस पानाला लागलं. हॉलिसने वही घेतली, वाचली, मिटली.

"आता उतर," तो म्हणाला. "गाडी मी घरी नेतो. तू चालत जा."