वाकड्या डोक्याचा रेझर

"वाकडा आहे की रे हा!" शालिनीने रेझर खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. "दुकानदारानं मोडका माल गळ्यात मारला तुझ्या. जा, परत देऊन ये."

"मोडका नाही अक्का. असाच असतो हा. पातं मुद्दाम तिरकं बसवलेलं असतं," सुधींद्र म्हणाला.

"मुद्दाम? आणि हे घेऊन तू अप्पांच्या गळ्याशी जाणार?"

सुधींद्रने आतल्या खोलीकडे पाहिलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ऐकू सगळं येत होतं त्यांना. पक्षाघाताने उजवी बाजू नेली, बोलणं नेलं, पण कान शाबूत ठेवले.

बाळाचार्य, म्हणजे अप्पा, धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होते. आधी दाढी, मग आंघोळ, मग जेवणाचं पान. हा क्रम त्यांनी तापातसुद्धा मोडला नव्हता. शालिनीच्या लग्नात व्याही मांडवाच्या दारात उभे, आणि हे आरशासमोर गालात जीभ घालून राहिलेला एक केस शोधत होते. अशा माणसाच्या तोंडावर आता पांढरे खुंट वाढले होते, आणि त्यांनी जेवण सोडलं होतं. चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. आंघोळ घातली तरी तेच. दाढी झाली नाही, तर पान कसलं?

दाढी करायला कुणाची ना नव्हती. पण अप्पांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या. केलगेरीचा नेहमीचा न्हावी घरी येऊन करायचा. एकदा त्याचा हात हनुवटीखाली जरासा चुकला आणि टॉवेलचे टॉवेल भिजले. शेवटी दवाखाना गाठावा लागला. न्हावी बिचारा पुन्हा फिरकलाच नाही. डॉक्टर म्हणाले, वाढू द्या दाढी, नाहीतर मशीन फिरवा. मशीनने सैल कातडी चिमटीत धरली, तेव्हा अप्पांनी डाव्या हाताने ते असं भिरकावलं की मोरीत जाऊन पडलं. आणि आता डॉक्टर सांगत होते, सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी म्हटल्यावर सुधींद्रची झोप उडाली. पाटबंधारे खात्यातला हा कारकून, फायलींपलीकडे कशात डोकं न घालणारा. तो जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रेझरबद्दल वाचू लागला. तिरक्या रेझरवर लोक चक्क भांडत होते. कुणी म्हणे, राठ केस आणि नाजूक कातडी असेल तर याच्यासारखा दुसरा नाही, केस ओढतच नाही. कुणी म्हणे, नवशिक्याने हात लावू नये, एकदा चुकला की चुकलाच. राठ केस आणि नाजूक कातडी, म्हणजे अप्पाच की! एका संध्याकाळी हुबळीला कोप्पीकर रोडवर जाऊन तो घेऊन आला. दुकानदाराने एवढंच सांगितलं, "दाबू नका सर. त्याच्या वजनानंच चालू द्या."

"कोथिंबीर चिरताना आपण सुरी सरळ दाबतो का अक्का?" उत्तरा म्हणाली. नवऱ्याची बाजू ती क्वचितच घ्यायची. "जरा तिरकी ओढतो. तसंच आहे म्हणे हे."

"अप्पा काय कोथिंबीर आहेत होय गं?" शालिनीने रेझर टेबलावर ठेवला. "हे बघ सुधी, आधी स्वतःवर करून बघ. तुझी दाढी अप्पांसारखीच आहे, काथ्यासारखी. रविवारी हुबळीहून येते मी. तुझं थोबाड धड दिसलं तर हात लाव त्यांना. नाहीतर नळीच बरी. निदान माणूस तरी राहील."

आणि खरंच, रेझर चांगला निघाला. सुधींद्रला पहिल्या सकाळी वाटलं, पातं बसवायलाच विसरलो की काय. खरखर नाही, ओढ नाही. हात फिरवला तर गाल साफ. गळ्यावर नेहमी उठणारं लाल पुरळही उठलं नाही. शनिवारी त्याने उत्तराचा हात धरून आपल्या गालावर फिरवला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. ती लाजली आणि म्हणाली, "साकु, साकु, पुरे आता. दूध उतू जाईल."

रविवारी सकाळी त्याचा आत्मविश्वास जरा जास्तच वाढला होता. गाल झाले, गळा झाला, आता मिशीची खालची कड तेवढी सारखी करायची. सरळ रेझरची कड दिसते तिथेच पातं असतं. तिरक्याचं एक टोक पुढे आलेलं असतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. त्याने नेहमीच्या सवयीने रेझर टेकवला आणि खाली ओढला. डाव्या बाजूची अर्धी मिशी बेसिनमध्ये पडली.

त्याने नळ बंद केला.

सुधींद्रच्या ऑफिसात निम्मे लोक बिनमिशीचे आहेत, त्यांचे वडीलही खुशाल हिंडतात-फिरतात. पण या घरात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला, की स्मशानात न्हाव्यासमोर बसून काढायची. अप्पांनीही तशीच काढली होती आणि पुन्हा ठेवली नव्हती. जी मिसरूड फुटल्यापासून कधी उतरवली नव्हती, ती मिशी आज, अप्पांनी अन्न सोडलेलं असताना, त्याच्या हाताने गेली.

"अय्यो देवा!" दारात उत्तरा होती. "हे काय केलंत हो?"

"हात चुकला."

"आता?"

अर्धी ठेवून चालणार नव्हतं. त्याने उरलेलीही काढली. मध्ये दोनदा रेझर खाली ठेवावा लागला. आपल्याच हाताने आपण वाईटाला बोलावणं धाडतोय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. त्याने तसंच जाऊन दार उघडलं. शालिनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, लिंबं पायरीवरून घरंगळत गेली.

"कधी?" एवढंच ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसायला लागली. "मला फोन का नाही केलास रे?"

"अक्का, नाही! अप्पा आहेत! आत आहेत. रेझर लागला मला, एवढंच."

समजायला तिला वेळ लागला. समजल्यावर तिने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग डोळे पुसले. "मी, धडधाकट बाई, अशी बसले. ते बघतील तर काय होईल, कळतंय का तुला? आज जाऊच नकोस त्यांच्यासमोर."

"उद्या सोमवार आहे अक्का."

उत्तराने कपाटातून कोरोनाच्या वेळचा मास्क शोधून काढला. सुधींद्रने तो डोळ्यांपर्यंत ओढला आणि गरम पाणी, ब्रश, तुरटी घेऊन आत गेला.

अप्पांना उशांना टेकवून बसवलं. त्यांनी मास्ककडे पाहिलं.

"सर्दी झालीय," सुधींद्र म्हणाला. जन्मात त्याला बापाशी खोटं बोलता आलं नव्हतं, आताही धड आलं नाही.

ब्रश गालावर फिरला, तसे अप्पांनी डोळे मिटले. कित्येक दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली. सुधींद्रने दोन बोटांनी कातडी ताणली, रेझर टेकवला आणि दाबायचं नाही, दाबायचं नाही, असं स्वतःला बजावत खाली आणला. फेसाबरोबर खुंट निघाले. कातडी तशीच राहिली. शालिनी पायथ्याशी पलंगाची दांडी धरून उभी होती. एक गाल झाला. दुसरा झाला. मग नाकाखालच्या जागेसाठी तो वाकला, आणि अप्पांनी डोळे उघडले.

डावा हात वर आला. सुधींद्रला मागे सरता आलं नाही, रेझर त्यांच्या ओठापाशी होता. अप्पांनी मास्क धरला आणि खाली ओढला.

ते बघत राहिले. मुलाच्या ओठावरची ती कधी ऊन न लागलेली पांढुरकी पट्टी बघत राहिले. मग सावकाश मान वळवून त्यांनी शालिनीकडे पाहिलं, दाराशी थांबलेल्या उत्तराकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"मी..." त्यांच्या घशातून आवाज आला. इतक्या दिवसांत साकु, म्हणजे पुरे, आणि बेड, म्हणजे नको, याखेरीज तोंडातून काही फुटलं नव्हतं. "मी... गेलो?"

"नाही हो अप्पा!" सुधींद्रला रडूच फुटलं. "तुम्ही आहात. मीच गाढव. तुमच्यासाठी आणला होता हा, आधी माझ्यावर करून बघत होतो. वाकडं आहे त्याचं डोकं, कड कळली नाही. चुकून गेली अप्पा. चुकून गेली."

अप्पांचं पोट हलायला लागलं. खांदे हलायला लागले. शालिनी घाबरून पुढे झाली. मग तिला दिसलं, तोंडाची धड असलेली बाजू वर गेली होती. अप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण हसत होते.

त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरचा फेस बोटावर घेतला. बोट थरथरत वर आलं आणि सुधींद्रच्या नाकाखाली टेकलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. कोर्टात सही करायचे तितक्याच सावकाश त्यांनी त्याला पांढरी मिशी रेखली. जरा मागे होऊन पाहिली. मग मान उशीवर मागे टाकली आणि गळा पुढे केला.

गळा झाला. कंठाच्या घाटीजवळ रक्ताचा एक ठिपका उमटला. सुधींद्रने तुरटी धरली. तिघंही वाकून त्या ठिपक्याकडे बघत राहिले. तुरटी उचलली तेव्हा तो मोहरीएवढाच होता, आणि तेवढाच राहिला.

आंघोळ झाली. अप्पांना धुतलेलं धोतर नेसवून खुर्चीत बसवलं. त्यांनी डाव्या हाताने गाल चाचपले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग दाराकडे बघून म्हणाले, "वाढ."

उत्तराने मऊ भात, सार आणि वर तूप घालून आणलं. ताट सुधींद्रने तिच्या हातातून घेतलं आणि तो समोर स्टुलावर बसला. शालिनीने पदराचं टोक ओलं करून त्याच्या ओठाकडे हात नेला.

"पूस की रे ते. वाळलंय."

"जेवू दे त्यांना आधी," तो म्हणाला.

ओठावर वाळलेला साबण ताणत होता, खाजत होता. चमचा अर्ध्या वाटेवर होता तेव्हाच अप्पांनी तोंड उघडलं.