दोष माझा, बोलणी संगिताला

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पांढरी म्हणजे धुतलेल्या दिवशी. एरवी वेवजी गावच्या धुळीचा रंग तोच माझा रंग. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी चकचकीत होते, की माझ्या काचेत बघून माणसे भांग पाडत. सुरुवातीची वर्षे मी डहाणू रोड स्टेशनवरून लॉजची गिऱ्हाइके वाहिली. मग विकली गेले आणि वेवजीच्या एका पाड्यावर आले.

तिथे मला संगिता भेटली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, आठ-आठ महिने समुद्रात. म्हणून गाडी ती शिकली. रोज सकाळी सात बायकांना डहाणूकडच्या चिकूवाडीत कामाला न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. पाड्यावर गाडी चालवणारी ती पहिलीच बाई. पहिल्या दिवशी सगळा पाडा बघायला उभा होता. खोटे कशाला सांगू, मलाच मूठभर मांस चढले होते.

आणि मग मला ते दुखणे जडले. धावताना मी ठणठणीत, पण थांबण्यासाठी ब्रेक दाबला की इंजिन गचके खाई आणि बंद पडे. वाटेतल्या अच्छाडच्या नाक्यावर मागे ट्रकांची रांग आणि मधोमध मी मुकी! ट्रकवाले संगिताला नाही नाही ते बोलत.

"वहिनी, तू क्लच लवकर सोडतेस," तिचा दीर मिथुन म्हणाला. त्याने मला स्वतः चालवून दाखवले आणि त्याच्या हाती मी एकदाही बंद पडले नाही. कशी पडणार? थांबताना टाच ब्रेकवर आणि बोटे एक्सलेटरवर ठेवून इंजिन गुरगुरत ठेवायची त्याची जुनी खोड. ती त्याची त्यालाही ठाऊक नव्हती. "बघ, गाडीत काय नाय," तो म्हणाला. "सोमवारपासून मीच चालवतो. तू बायकांबरोबर वाडीत जा कामाला."

दोन मेकॅनिक झाले. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने दिवसभर मला उघडी टाकून साफ केले. शेवटी दोघेही म्हणाले, चालवणाऱ्याचा हात बसलेला नाही. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! ओरडून सांगावेसे वाटे, अहो, खोट माझ्यात आहे! पण मला हॉर्नशिवाय वाचा नाही आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

संगिता रडत बसली नाही. शनिवारी वाडीतून परतल्यावर तिने मला पाड्याबाहेरच्या माळावर नेले. शेजारी तिची मैत्रीण सोमी बसली होती. आधी तिने ब्रेक दाबून थांबवले, मी बंद. मग हळू चालवत नुसत्या हँडब्रेकने थांबवले, मी चालू! पुन्हा पुन्हा तेच. मग तिने मला उभीच ठेवली, गिअर काढला, क्लचला पायही लावला नाही आणि ब्रेक दाबला. मी लगेच बंद.

"सोमी, बघ! क्लचचा संबंधच नाय!" ती ओरडली.

पुन्हा ब्रेक दाबताना तिला पायाशी बारीक 'सूंऽऽ' ऐकू आले. डॅशबोर्डवर देवापुढे अगरबत्ती जळत होती. सोमीने ती उचलून ब्रेकच्या दांड्यापाशी धरली. संगिताने पाय दाबताच धूर सरळ आत ओढला गेला.

"हवा पितं गं हे!" सोमी म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी माझे ऐकले होते.

रविवारी सकाळी संगिता मिथुनला घेऊनच अच्छाडला नविन नावाच्या तिसऱ्या मेकॅनिकच्या गॅरेजात गेली. तिने सगळे सांगितले. नविन आधी हसला, पण मग त्याने ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडून इंजिनाकडे येणारी रबरी नळी पकडीत दाबून धरली. "संगिताबेन, आता मारा ब्रेक." मी चालूच! नळी सोडली की बंद.

"बूस्टरचा आतला पडदा फाटलाय," नविन म्हणाला. "ब्रेक दाबला की बाहेरची हवा फुकट इंजिनात जाते. ते मरणारच. तुम्ही बरोबर पकडलं."

संगिता खाली उतरली. "मिथुन, नवा बसायच्या आधी तू दाब. नुसता ब्रेक. त्या दिवशी तू चालवलीस तेव्हा तुझे पाय मी बघितलेत. बोटं एक्सलेटरवर ठेवायची नाय."

मिथुनने ब्रेक दाबला आणि मी बंद पडले. आयुष्यात मी इतक्या आनंदाने कधी बंद पडले नव्हते! गॅरेजातली माणसे हसली. मिथुनचे कान लाल झाले.

दुपारपर्यंत दुसरा बूस्टर बसला. सोमवारी सात बायका घेऊन आम्ही निघालो. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक आडवा आला. संगिताने कचकन ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले आणि इंजिन संथ चालू राहिले. बायकांनी अशा टाळ्या पिटल्या, की ट्रकवाला खिडकीतून वाकून बघू लागला. मिथुन त्या दिवशी मागच्या सीटवर होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी उगाच बोललो. गाडी तूच चालव."

मित्रांनो, घरातली गाडी, पंप, शिलाई मशीन, काहीही अडले तर आधी त्याच्याजवळ बसा, नीट ऐका आणि मगच चालवणाऱ्याला बोला. आम्हाला दुरुस्त करता येते, पण उगाच खाल्लेली बोलणी कुठल्याच गॅरेजात दुरुस्त होत नाहीत. माझ्या संगिताने ती महिनाभर खाल्ली आणि तरीही माझ्यावर कधी हात आपटला नाही.