फेनरच्या शेजारचा गाळा

ग्रीब्लीचं दुकान बंद पडलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. त्यातली सव्वीस वर्षं मी त्या दुकानाच्या तळमजल्यावर हातमोजे, रुमाल आणि छत्र्या विकल्या होत्या. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या विक्रेत्या बाहेर फुटपाथवर उभ्या राहिलो, एकमेकींना मिठ्या मारल्या आणि आपापल्या गाड्यांकडे गेलो. त्यानंतर दीड वर्ष मी घरी बसून होते. मग मंडळात नोकरी लागली.

मंडळ म्हणजे मिलर्ड्सबर्गचं मध्यवस्ती सुधार मंडळ. नदीपासून कोर्टापर्यंत जेवढ्या इमारती आहेत त्यांच्या मालकांनी मतदान करून ठरवलं, की नगरपालिकेचा कर आहेच, पण त्यावर आपण आणखी थोडी वर्गणी काढू. त्यातून रस्ते झाडू, दिवे लावू, रिकामे गाळे भरू आणि दिवसभर इथे फिरत राहतील अशी माणसं ठेवू. त्या फिरणाऱ्या माणसांपैकी मी एक. अंगात लिंबाच्या रंगाचं जाकीट, कमरेला वॉकीटॉकी, हातात कचरा उचलायचा लांब चिमटा. आम्ही पोलीस नाही. कोणाला गाडीपर्यंत सोबत हवी असेल तर जातो, कोणी पडलं तर उठवतो, कोणी रस्ता चुकलं तर सांगतो.

पहिल्या आठवड्यात माझी जुनी गिऱ्हाईक समोरून आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मार्लीन? अगं, तू हे...?" मी तिला पोस्टाकडे जायचा रस्ता दाखवला. तिला तो चाळीस वर्षांपासून माहीत होता.

पण खरा छळ होता तो ऑगस्ट फेनरचा. कोर्ट स्ट्रीटवर त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा, आणि जीभ अशी की तिच्यापुढे करवत बोथट वाटावी. मतदानात तो मंडळाच्या विरोधात होता, पण बहुमत झालं तशी वर्गणी त्यालाही भरावी लागली. तो राग त्याने माझ्यावर काढला. मी रोज साडेनऊला त्याच्या दारावरून जायचे आणि तो रोज दारात उभा असायचा.

"आली का लिंबूबाई! आज किती कागद उचललेस?"

"सुप्रभात, मिस्टर फेनर."

"सुप्रभात कसलं? माझ्या पैशाने जाकीट घालतेस. निदान मापाचं तरी घ्यायचं. तंबू वाटतोय."

मी हसून पुढे जायचे. हसू गालापर्यंतच असायचं.

त्याच्या शेजारचा गाळाही त्याचाच होता. त्याच्या धाकट्या भावाचं, वॉल्टरचं, तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वॉल्टर वारला आणि फेनरने शटर खाली ओढलं ते अकरा वर्षं वर गेलं नाही. दारापुढे खोल कोनाडा होता, वर दिवा नाही. तिथे माणसं येऊन बसायची, बाटल्या पडायच्या, सुया पडायच्या. पलीकडच्या दातांच्या दवाखान्यातल्या मुली संध्याकाळी तेवढ्यापुरता रस्ता ओलांडून समोरच्या बाजूने जायच्या. आमची साहेब तमिका रॉल्स तीनदा फेनरकडे गेली. दिवा आम्ही लावतो, रंग आम्ही देतो, भाडेकरू आम्ही शोधतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

"गाळा माझा, कुलूप माझं," फेनर म्हणाला. "आणि या गावात माझ्याइतकं चांगलं कुलूप कोणी लावत नाही, तेव्हा विसरा."

मार्चमधला मंगळवार होता. बर्फ वितळायला लागला होता, फुटपाथवर राखाडी चिखल. मी टोपी कानांवर ओढून साडेनऊला फेनरच्या दुकानापाशी पोचले. आत दिवा होता, 'उघडे आहे' ही पाटी बाहेरच्या बाजूला वळवलेली होती. पण दारात फेनर नव्हता.

मला काय वाटलं ते खरंखरं सांगते. बरं वाटलं. म्हटलं, आज सुटले. मी काचेतून आत बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं आणि नजरानजर झाली असती तर त्याने हाक मारली असती. मी मान खाली घालून, पावलं उचलून, शेजारच्या बंद शटरवरूनही झपाझप पुढे गेले.

पावणेअकराच्या सुमाराला पोस्टाच्या कोपऱ्यावर जॉइस भेटली. ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलापाशी बसते.

"मार्लीन, तो म्हातारा कुठे उलथलाय गं?" ती म्हणाली. "दहाला किल्ल्या तयार ठेवतो म्हणाला होता. जाऊन आले. दार उघडं, मशीन घरघरतंय आणि आत कोणी नाही. दोनदा हाक मारली, शेवटी परत आले."

"मशीन चालू होतं?"

"हो ना. किल्ली तशीच अडकवलेली, अर्धी कापलेली."

फेनर संडासला जातानाही ते मशीन बंद करून जायचा. वीज फुकट येत नाही असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मी आधी भरभर चालले आणि मग चक्क धावले. ग्रीब्लीत सव्वीस वर्षांत मी कधी धावले नव्हते.

दारातून मी तमिकाला वॉकीटॉकीवर सांगितलं, "मी फेनरच्या दुकानात आत जातेय."

"थांब. नियम माहीत आहे ना? एकटीने गल्ल्याच्या पलीकडे जायचं नाही. मी येते पाच मिनिटांत."

"तमिका, साडेनऊला मी इथून गेले होते. तेव्हाही तो दिसला नव्हता. मी बघितलंच नाही."

वॉकीटॉकी खरखरली. मग ती म्हणाली, "जा. मी अँब्युलन्स बोलावते."

आत पितळेचा आणि तेलाचा वास होता. मी आधी मशीनचं बटण बंद केलं. घरघर थांबली तसा दुसरा आवाज ऐकू आला, पाणी पडल्याचा. मागच्या कपाटाशेजारी भिंतीत एक दार होतं, अर्धवट उघडं. ते शेजारच्या गाळ्यात उघडतं हे मला माहीतच नव्हतं. मी चिमट्याने ते ढकललं आणि विजेरी लावली.

वॉल्टरचं दुकान जसंच्या तसं होतं. फळ्यांवर रेडिओ, टेबलावर पेचकस, खुंटीवर डगला. आणि जमिनीवर घोट्याएवढं पाणी. छताजवळचा नळ थंडीने फुटला होता. शटरच्या पायथ्याशी फेनर कुशीवर पडला होता, एक पाय विचित्र वळलेला, ओठ निळे.

"मिस्टर फेनर!"

त्याने डोळे उघडले. "कोण?"

"मार्लीन. मंडळाची."

"लिंबूबाई," तो पुटपुटला. "पाणी बंद कर आधी. टेबलामागे. लाल चाक. उजवीकडे फिरव."

मी चाक फिरवलं, जाकीट काढून त्याच्यावर टाकलं आणि त्या पाण्यातच बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी इतकं गार होतं की माझे पाय क्षणात बधिर झाले. तो त्यात तासाहून जास्त पडला होता. मी त्याचे हात चोळत राहिले. हाताला नुसती हाडं लागत होती.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"अकराला पाच कमी. अँब्युलन्स येतेय. बोलत राहा."

"तुझी ती वॉकीटॉकी खरखरत गेली इथून," तो म्हणाला. "सकाळी. मी हाक मारली."

शटर माझ्या खांद्याला लागत होतं. त्याच्या पलीकडे फुटपाथ, आणि त्यावर पावलं वाजत होती. कोणीतरी हसत गेलं.

"टोपी कानांवर होती," मी शेवटी म्हणाले. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

मग तमिका आली, तिच्यामागून अँब्युलन्सची माणसं. त्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून उचललं. स्ट्रेचरवरून त्याने एकाला, "ओल्या बुटांनी माझ्या दुकानात शिरू नका," असं बजावलं. त्या माणसाने मला डोळा मारला.

दिवसभर मी काय केलं आठवत नाही. तमिकाने मला घरी जा म्हणून सांगितलं, मी गेले नाही. घरी भिंतीकडे बघत बसून काय करणार? कोरडे कपडे घालून परत फिरायला लागले. फेनरच्या दुकानापाशी आले की चाल आपोआप मंदावायची. म्हातारं माणूस, तेवढी थंडी, मोडलेला खुबा. मनात एकच हिशेब चालू होता, साडेनऊ ते पावणेअकरा.

सहा वाजता मी बसथांब्यावर असताना तमिकाचा फोन आला.

"मार्लीन, बसली आहेस का उभी?"

"सांगून टाक."

"शस्त्रक्रिया झाली. म्हातारा शुद्धीवर आलाय आणि नर्सला सांगतोय, तुमच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप भिकार आहे, दहा सेकंदांत उघडून दाखवतो."

मी बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडू फुटलं. शेजारी बसलेल्या पोराने कानातले इअरफोन काढून विचारलं, "काकू, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "बाळा, फारच ठीक आहे." बस आली, गेली. मी तशीच बसून होते. श्वास कसा पोटापर्यंत जात होता.

आठव्या दिवशी मी त्याला भेटायला गेले. बिस्किटं नेली होती, ती त्याने उघडून हुंगली आणि बाजूला ठेवली.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी तुम्ही दारात नव्हतात म्हणून मला आनंद झाला होता. मी मुद्दाम आत बघितलं नाही. टोपीचं निमित्त नंतरचं."

मला वाटलं आता तोफ सुटणार.

"तुझ्या जागी मी असतो तर पलीकडच्या फुटपाथने गेलो असतो," तो म्हणाला. "पण तू परत आलीस ना? पाण्यात बसलीस. वेडी कुठली. न्यूमोनिया झाला असता म्हणजे?"

"तुम्ही तिथे पडलातच कसे?"

"रोज सकाळी कॉफी घेऊन जातो मी तिथे. दहा मिनिटं. वॉल्टरशी बोलायला." हे त्याने असं सांगितलं जसं कोणी दूध आणायला जातो म्हणून सांगेल. "त्या दिवशी किल्ली कापताना पाण्याचा आवाज आला, म्हणून दुसऱ्यांदा गेलो आणि घसरलो." मग त्याचा आवाज उतरला. "तिथे पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं, मार्लीन. पावलं, गाड्या, ती दवाखान्यातली पोर मला हाका मारत होती ते. मशीनच्या आवाजात माझं कोणाला ऐकू जाईना. हातभर अंतरावर माणसं आणि मधे माझंच शटर. साधी काच असती तर पहिल्याच माणसाला दिसलो असतो."

त्याने मला प्रथमच नावाने हाक मारली होती, पण ते माझ्या लक्षात बसमध्ये आलं.

"तुझ्या त्या तमिकाला पाठवून दे," तो म्हणाला. "तिला सांग, वॉल्टरच्या वस्तू मी स्वतः हलवणार. आणि भाडेकरू असा हवा की ज्याच्याकडे दिवसभर माणसं बसतील."

मंडळाने रे कॉब्स नावाचा न्हावी शोधला. तो तोपर्यंत आईच्या गॅरेजमध्ये केस कापायचा आणि अर्धा गाव तिथे जायचा. मे महिन्यात शटर वर गेलं ते कायमचं काढूनच टाकलं, त्या जागी मोठी काच बसवली. वॉल्टरचे रेडिओ तंत्रशाळेतल्या मुलांनी नेले. फेनर काठीला टेकून प्रत्येकाला, "हा असा धरायचा, तान्ह्या मुलासारखा," असं सांगत उभा होता. कोनाड्यात दिवा लागला. तिथे बसणाऱ्यांपैकी ड्वेनला तमिकाच्या खटपटीने खोली मिळाली. बाकीचे दोघे पुलाखाली गेले. त्यांना मी गुरुवारी मोजे नेऊन देते, पण त्यांचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या मुली आता याच बाजूने जातात, आणि ऑगस्ट महिन्यात रेच्या पलीकडचा रिकामा गाळाही कोणीतरी बघून गेलं.

रेच्या उद्घाटनाच्या शनिवारी दाराबाहेर रांग होती. आत चार खुर्च्या, चारही भरलेल्या. भिंतीकडेच्या बाकावर म्हातारे बेसबॉलवरून भांडत होते. मी बाहेर चिमटा घेऊन उभी होते आणि उचलायला एक कागद नव्हता. रे कात्री थांबवून बाहेर डोकावला.

"बाई, सकाळपासून उभ्या आहात. आत या, बसा की."

"मी कामावर आहे."

"मग कामावर बसा. इथून सगळा रस्ता दिसतो."

फेनरने बाकावरून आपली काठी उचलून जागा केली. मी बसले. कोणीतरी हातात कॉफीचा कागदी पेला दिला. समोर ती मोठी काच, त्यातून आख्खा कोर्ट स्ट्रीट दिसत होता, उन्हात माणसं ये-जा करत होती. मी बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि पाय पसरले.