शेल्बीने हात दाबला

त्या गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरात मार्लीन स्टोव्हॉल मोठ्या पातेल्यातली पांढरी ग्रेव्ही ढवळत होती, आणि जो तो येऊन तिच्या दंडावर हात ठेवून जात होता. तिचा कोडी जाऊन महिना होत आला होता. सहा वर्षांचं पोर, रक्ताचा कॅन्सर. ओक्लाहोमातल्या आमच्या लिंडेलमध्ये दुःखात माणसाला एकटं सोडत नाहीत. मलाही याचं फार कौतुक होतं.

मार्लीनची मोठी मुलगी शेल्बी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात होती. संघाचे कोच डॅरेल गिब्स. सामना संपला, की हार असो वा जीत, कोच मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकायचे आणि मुली भोवती कडं करून एकमेकींचे हात धरायच्या. एकेक जण मोठ्याने प्रार्थना म्हणायची. जिला काही सुचत नसेल तिने शेजारणीचा हात दाबायचा, म्हणजे नंबर पुढे जातो. आमच्या चर्चमध्येही असंच चालतं आणि तिथे त्यात काही वावगं नाही. पण कोच पगार सरकारी शाळेचा घेत होते, संघात कोण खेळणार हे तेच ठरवत होते आणि परगावी सामना असला तर प्रार्थना उरकेपर्यंत मुलींची बस हलत नव्हती. तरी गावात कुणालाही विचारलं, तरी सक्ती कुणावरच नाही, असंच छातीठोक उत्तर मिळायचं.

कोडी आजारी पडल्यापासून प्रत्येक सामन्यानंतर त्याच्यासाठी प्रार्थना व्हायची. प्रेक्षक उभे राहून रडायचे. मार्लीनही रडायची. चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहणारी बाई ती. तिला कोच म्हणजे देवमाणूस वाटायचे.

त्या संध्याकाळी मायलेकी दोघीच जेवायला बसल्या. नवरा तेलविहिरीवर कामाला गेलेला. जेवणाआधी हात धरून देवाचे आभार मानायची घरची रीत. मार्लीनचं आमेन म्हणून झालं, पण शेल्बीने हात सोडला नाही. डोळे मिटून ती पुटपुटतच राहिली. आईचं नाव, बाबांचं, आजीचं, कुत्र्याचंसुद्धा. बीन्स आणि मक्याचा पाव ताटात गार झाले.

"शेल्बी, पुरे गं. बोटं दुखायला लागली माझी."

"कुणी राहिलं नाही ना?"

"राहिलं म्हणजे?"

मग ते बाहेर आलं. कोडी गेला त्याच्या आदल्या दिवशी सामना होता. शेल्बी हॉस्पिटलमध्ये रात्र जागून थेट मैदानावर आली होती. कड्यात तिचा नंबर आला, तोंडातून शब्द फुटेना आणि तिने शेजारणीचा हात दाबला. सगळ्यांनी पाहिलं. कोडीच्या दफनानंतरच्या पहिल्याच सामन्याला कोचनी मुलींना सांगितलं, की देव ऐकत असतोच, पण साखळीतली एक कडी कच्ची राहिली तर प्रार्थना वर पोचत नाही. त्यांनी नाव घेतलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

"मी बोलले असते तर तो वाचला असता," शेल्बी म्हणाली. ती रडत नव्हती. गणित सोडवून दाखवावं तसं सांगत होती.

मार्लीनने तिला पोटाशी धरलं, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते पुन्हा पुन्हा समजावलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू तरी बरी आहेस ना.

शुक्रवारी सकाळी मार्लीन ॲप्रनसकट मुख्याध्यापक रँडलच्या खोलीत शिरली. दोघं एकाच वर्गात शिकलेली, एकाच चर्चची. कोचची प्रार्थना बंद कर, असं तिने सरळ सांगितलं. देवासाठी चर्च आहे, घर आहे. सरकारी शाळेच्या पगारी माणसाने शाळेच्या मैदानावर पोरींना प्रार्थनेला बसवायचं कारण नाही, आणि हे कायद्यातही बसत नाही.

"अगं, सामना संपला की तो कोच नसतो, साधा भाविक माणूस असतो," रँडल म्हणाला. "मुली आपणहून जातात."

"मग बस कुणासाठी थांबते?"

"मार्लीन, कोडीसाठी अख्खं गाव गुडघ्यावर बसलं होतं. तेव्हा नाही आठवला तुला कायदा."

ते खरं होतं. मग रँडलने आवाज मऊ केला. तुझ्या मुलीला नको असेल तर तिने खुशाल उठून यावं, कुणी अडवणार नाही, हवं तर मी स्वतः तिथे उभा राहतो, असं त्याने कबूल केलं.

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. स्वयंपाकघरात तिच्याशी कुणी बोललं नाही. ताट घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेने दुसरीला म्हटलं, "पोर गेलं, पाठोपाठ डोकंही गेलं." मार्लीनला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं.

संध्याकाळचा सामना आमच्या मुलींनी जिंकला. कोचनी गुडघे टेकले, मुलींनी कडं केलं. आज ज्या घरातली श्रद्धा ढळली आहे त्या घरासाठी देवाकडे मागू या, अशी कोचनी सुरुवात केली. मार्लीन कुंपणाचं दार ढकलून आत गेली. रँडल शब्दाला जागून तिच्या मागोमाग आला.

"चल बाळा, घरी जाऊ," ती शेल्बीच्या मागे वाकून म्हणाली. "हे करायची काही गरज नाही तुला."

"आई, तू जा ना. तुझं नाव घ्यायचंय अजून."

मार्लीनने तिची बोटं सोडवायला हात घातला. दोन्हीकडच्या मुलींनी केव्हाच आपले हात ढिले केले होते. शेल्बीच त्यांना आवळून बसली होती, इतकी की त्या पोरी कळवळत होत्या.

"आई, सोडायला लावू नकोस. मी बोलले नाही म्हणून कोडी गेला. आता तू जाशील."

कोचनी ते ऐकलं. मिटलेले डोळे न उघडता ते म्हणाले, "आमेन." मागून प्रेक्षकांचंही आमेन आलं.

रँडलने मार्लीनच्या दंडावर हात ठेवला.

"बघितलंस ना?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "कुणी धरलंय का तिला?"